सोनाजीनं न चाखलेलं पाणी

सोनाजी धनगराला अक्षरओळख नाही, पण पाण्याच्या बाबतीत त्याला कुणी फसवू शकत नसे. नवा पाणवठा दिसला की आधी ओंजळभर पाणी स्वतः तोंडात घ्यायचा, खळखळून थुंकायचा आणि मगच मेंढरं सोडायचा. त्याचा बापही हेच करायचा. सोनाजीला फसवलं ते सरकारनं आणि मी.

पैठण रोडला चितेगावजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुष्काळाचं ते तिसरं वर्ष. शहर कंपन्या आणि प्लॉटिंग घेऊन आमच्यापर्यंत येऊन ठेपलं होतं, जुने पाणवठे बुजले होते. सकाळपासून चालून दमलेली साठ मेंढरं घेऊन सोनाजी दुकानासमोर थांबला. म्हणाला, "अभय, म्होरच्या तळ्याचं पाणी कसं हाय, बघ बरं फोनात."

मी तळ्याचं नाव टाकलं. पहिला आला तो सरकारी व्हिडिओ: सुशोभीकरण, निळंशार पाणी, मागं सनई. खाली आणखी एक होता, तो उघडेना. 'शासनाच्या आदेशानुसार उपलब्ध नाही,' एवढंच. कुणीतरी काहीतरी भडक टाकलं असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. त्या बेफिकिरीची मला आजही किळस येते. सोनाजीला मी निळं पाणी दाखवलं. तहानेनं मेंढरं ओरडत होती. त्या दिवशी त्यानं ओंजळ भरलीच नाही, थेट मेंढरं सोडली.

एकेचाळीस मेली, पोटं फुगून, तोंडाला फेस येऊन. गावातल्या करुणाताईनं मग सांगितलं, बंद केलेला व्हिडिओ तिचा होता. त्यात कंपनीचं घाण पाणी तळ्यात सोडणारा पाइप होता, मेलेले मासे होते. सरकारी माणसांनी मासे उचलून नेले आणि व्हिडिओ अफवा ठरवला. पाइप मात्र चालूच. थुंकावंसं वाटतं यांच्या कारभारावर.

चार दिवसांनी एक सरकारी साहेब जीपमधून आले आणि माझ्याच दुकानात बसले. मेंढरं उष्माघातानं मेली, असा कागद तयार होता. अंगठा दिला तर मदत, नाहीतर तळ्याच्या पाण्यानं मेंढरं मेली अशी अफवा पसरवल्याचा सोनाजीवर गुन्हा. वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलं. वाचताना शिसारी येत होती. सोनाजीची बायको सखूबाई तोंडाला पदर लावून ऐकत होती.

सोनाजी उठला, तळ्यावर गेला आणि तांब्या भरून घेऊन आला. तो साहेबांपुढं ठेवून म्हणाला, "एवढं प्या साहेब. मग दोन्ही हाताचे अंगठे देतो."

साहेबांनी खुर्ची मागं सरकवली, कागद घडी करून खिशात घातला. गुन्हा त्याच संध्याकाळी दाखल झाला.