मुठीतला गूळ

गूळ चिरताना बोटं चिकट झाली की मला अंधेरीच्या स्टुडिओमागचा तबेला आठवतो. पंच्याऐंशी साली नायिकेच्या जागी चंदा नावाच्या घोडीवर बसायचं काम मला मिळणार होतं, पण ती चार पावलं टाकून थांबायची. मग मी तिला गूळ भरवायची.

तिला सांभाळणारे रहीमचाचा हसले. "अरे बेटी, थांबलं की गूळ मिळतो, हे तूच शिकवतेयस तिला!"

मी हट्टाला पेटले. चंदा थांबली, मान वळवून बघत राहिली. गूळ मुठीत पाघळला. शेवटी तिने पाचवं पाऊल टाकलं, तेव्हाच वाकून मी मूठ उघडली.

आज नात हट्टाने रडत फरशीवर लोळतेय. सुनेने चॉकलेट काढलं.

"थांब गं," मी तिचा हात धरला. "आधी तिला उठू दे."