कोऱ्या पावत्या

लातूरच्या दालमिलमागच्या वस्तीत सकाळी दोन गोष्टी कधी चुकत नसत: नळाला न येणारं पाणी आणि पिग्मीचे पैसे घ्यायला येणारी महादेवीअक्का. अठरा वर्षं ही बाई पतसंस्थेची पिशवी खांद्याला अडकवून दारोदार फिरत होती. कुणाकडून वीस, कुणाकडून पन्नास रुपये घ्यायचे, पावती द्यायची आणि वर कुणाच्या सुनेची, कुणाच्या गुडघ्याची गाऱ्हाणी ऐकायची. ऐकण्याचं कमिशन मिळत नव्हतं, नाहीतर अक्काचा आज बंगला झाला असता.

पूर्वी ती कार्डावर पेनाने आकडा लिहून खाली सही ठोकायची. मग संस्थेने तिच्या हातात मशीन दिलं. बटण दाबलं की टर्रकन पावती बाहेर. बायका खूश झाल्या. छापील ते खरं, असं आपल्याकडे कुणाला वाटत नाही?

मे महिन्यात घोळ झाला. मिलमध्ये डाळ निवडायला जाणारी सरजाबाई लेकीच्या नर्सिंगच्या फीसाठी रोज पन्नास रुपये भरत होती. किती साठले ते बघायला तिने पावत्यांचा डबा उघडला, तर एकाही पावतीवर अक्षर नाही. पत्र्याच्या घरातल्या उकाड्याने छपाई पार उडून गेली होती. गेल्याच साली बाजारातल्या एका पतसंस्थेचं शटर एकाएकी खाली आलं होतं, त्यामुळे वस्तीला एवढं निमित्त पुरे झालं. दुसऱ्या दिवशी अक्का गल्लीत शिरली, तेव्हा दहा-बारा बायका कोरे कागद मुठीत धरून उभ्या होत्या.

"अक्का," सरजाबाई म्हणाली, "अक्षर उडालं तसा पैसाबी उडाला का?"

"न्हाई गं बाई. कागदच तसला हाय, उन्हानं पांढरा पडतोय. हापिसात समदं लिवलेलं हाय. चल, आत्ता दाखविते. म्हनशील तर काढूनबी देते."

मुदतीआधी खातं मोडलं की एजंटाला कमिशन परत करावं लागतं, पण तिला त्याची चिंता नव्हती. या गल्लीत तिच्याकडे चोरासारखं कुणी कधी बघितलं नव्हतं, ते तिला सोसेना.

सरजाबाईने तिला नीट न्याहाळलं. "हापिसाचं ऱ्हाऊ दे. तुजा सोताचा पैसा कुटं असतोय, ते सांग."

झाली पंचाईत! आमच्याच संस्थेत, एवढं म्हटलं असतं तर गल्ली तिथल्या तिथे निवली असती. तपासायला कोण जाणार होतं? शब्द अक्काच्या ओठावर आलाही होता.

"पोस्टात," ती म्हणाली. "ते शटर पडल्याचं कळल्यावर म्याबी भ्याले. तुमाला मातर रोज हितं भरायला लावते. लाज वाटती गं सांगायला."

कुणीतरी फिसकन हसलं. सरजाबाई मात्र हसली नाही. तिने पायात चपला सरकवल्या आणि दोघी पतसंस्थेत गेल्या.

काउंटरवरच्या दयानंदने खातं काढलं. अठरा हजार दोनशे पन्नास, रुपयाचाही फरक नाही. "काढायचे का मावशी?"

सरजाबाईने आकड्यावरून बोट फिरवलं. "फी जुलैत हाय. तवर ऱ्हाऊ द्या." मग अक्काकडे वळली. "पन उद्यापास्नं तूबी माज्यासंगं रोज पन्नास भरायचे. बुडाले तर दोघींचे बुडू दे. एकलीनं भ्यायचं लई अवघड जातंय."

अक्काने पदर तोंडाला लावला. हसू की रडू, तिचं तिलाच कळेना. तिने दयानंदकडे स्वतःच्या नावाचा फॉर्म मागितला.

फॉर्म भरता भरता दयानंद एका रकान्यापाशी अडला. नव्या खात्याला एजंटाची किंवा जुन्या खातेदाराची ओळख लागते, आणि वस्तीतल्या प्रत्येक फॉर्मवर तिथे अक्काचीच सही असायची. आता अक्काला कोण ओळखणार?

"माजं नाव लिव्हा," सरजाबाई म्हणाली. "मी वळखते हिला."