बोअरचं गोड पाणी

मंगळावरच्या दगडमातीत कोणते क्षार आहेत आणि तिथं पाणी कधी वाहिलं, हे शोधण्यात धम्मानंदची हयात गेली. नोकरी अहमदाबादेत, घर ताडकळसजवळच्या वस्तीवर. बाजारातले लोक त्याला गाठून पोरीच्या पत्रिकेतला मंगळ विचारायचे. बौद्धाच्या पोराला, बोला आता!

पंधरा वर्षांमागं त्यानं वस्तीसाठी एक काम केलं. तोवर इथल्या बायका गावातल्या विहिरीपासून लांब उभ्या राहायच्या. सगळ्यांचं भरून झालं की कुणीतरी वरून पाणी ओतायचं. धम्मानंदनं खडक पाहून जागा आखली आणि स्वखर्चानं बोअर पाडला. पाणी लागलं ते लय गोड. पहिली घागर भरताना त्याची माय कुसुमबाई रडली. ते पाणी तपासायला हवं होतं. पण निवळशंख पाण्यात काय तपासायचं, असं त्याला वाटलं. मंगळावरचा क्षार मोजणाऱ्याला असं वाटावं, याला काय म्हणावं?

औंदा तो वैशाख पौर्णिमेला आला. वंदनेला कुसुमबाईला वाकताच येईना, तिनं उभ्यानंच हात जोडले. वय झालं, असं त्यानं मनाशी म्हटलं. मग शेजारची सहावीतली माधवी हसली, आणि तिच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसले. धम्मानंदनं बोअरचं पाणी बाटलीत भरून तपासायला नेलं. फ्लोराइड निघालं, मर्यादेच्या चौपट. त्याला ना चव, ना वास. दातांवर उमटतं, हाडांत मुरतं. कुसुमबाईचा आखडलेला कणा आता सुटणार नव्हता.

परत येऊन त्यानं समाजमंदिरात सगळ्यांसमोर कबुली दिली. चूक माझी, म्हणाला. नळाचं पाणी येईपर्यंत गावातल्या विहिरीचं आणा, ते तपासलंय, चांगलं आहे, म्हणाला. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

कुसुमबाई भिंतीला धरून उठली. "त्या हिरीवर मी न्हाई जायची. हाडं गेली तर जाऊ दे."

"आन् लेकरांचं, माय?"

तिनं माधवीकडं बघितलं. सकाळी तिनं लहान कळशी काखेत घेतली आणि विहिरीची वाट धरली. धम्मानंद मागोमाग गेला. विहिरीवर चार बाया पाणी शेंदत होत्या. कुणी अडवलं नाही. तरी कुसुमबाई आपणहून दहा पावलं अलीकडंच थांबली, कळशी खाली ठेवता येईना म्हणून तशीच धरून उभी राहिली. तिला 'पुढं हो' म्हणायला धम्मानंदला तोंड उरलं नव्हतं.