सदर मुलगी

घरात ‘मामा’ आणि शाळेच्या फाटकाच्या आत ‘पप्पा’, हा नियम मला पाचव्या वर्षीच पाठ झाला होता. माझे आईवडील मलकापूरच्या पुढे अपघातात गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. आईच्या भावाने मला शाहूपुरीत आणलं. त्याचं तिथं गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. मामा-मामीला मूल नव्हतं.

इंग्रजी शाळेच्या प्रवेशाला आईवडिलांची मुलाखत असायची. पोरकी म्हणून वर्गात कुणी माझ्याकडे वळून बघू नये, एवढ्यासाठी मामाने फॉर्मवर वडिलांच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं आणि आईच्या जागी मामीचं. जन्मदाखला मागाहून देतो म्हणाला. तो परत कुणी मागितला नाही. ते नाव मग आधार कार्डावर गेलं, दहावीच्या सर्टिफिकेटवर गेलं. मला त्यात कधी काही खटकलं नाही. वर्गात बोलायची वेळ येऊ नये म्हणून मी तिसऱ्या बाकावर खिडकीकडे बसायचे, आणि पालक सभेला मामा इस्त्रीचा शर्ट घालून यायचा.

वडिलांचं खरं नाव, माझ्या माहितीत, फक्त दोन ठिकाणी उरलं होतं. एक माझ्या जन्मदाखल्यावर आणि दुसरं बँकेत. मुरगूडच्या आजोबांनी, म्हणजे वडिलांच्या वडिलांनी, अपघाताचा दावा लावला होता. त्यात मिळालेली भरपाई कोर्टाने माझ्या नावाने, मी अठरा वर्षांची होईपर्यंत, ठेव म्हणून ठेवायला लावली होती. फार्मसीला माझा नंबर लागला तेव्हा फी त्यातूनच भरायची हे घरात कधीचं ठरलेलं होतं. दुसरी सोय नव्हती.

बँकेतल्या साहेबांनी ठेवीची पावती आणि माझं आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवलं. ठेव एका माणसाच्या मुलीची आणि समोर उभी दुसऱ्याच माणसाची. ती तुम्हीच कशावरून, असं त्यांनी विचारलं. आवाज साधाच होता. मी काउंटरच्या काचेवर चिकटवलेली सूचना वाचत राहिले.

फी भरायला दहा दिवस होते. आम्ही एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, तेव्हाच कोर्टातून पालकत्व का नाही घेतलं, नाहीतर रीतसर दत्तक तरी? मामा आपल्या चपलांकडे बघत होता.

“आपल्याच पोरीसाठी कोर्टात कशाला जायाचं, असं वाटलं,” तो म्हणाला.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी कागदावर दोन ओळी लिहून दिल्या. वडिलांकडच्या एका नातेवाइकाने ही तीच मुलगी असं शपथेवर सांगायचं. आणि मामाने, ही माझी मुलगी नाही असं.

आजोबा वारले होते. मुरगूडला चुलते होते. त्यांनी मामाला ‘या पावणं’ म्हणून खुर्ची दिली, मला बशीत चिवडा दिला आणि किती उंच झाली म्हणून कौतुक केलं. मग सगळं ऐकून घेतलं.

“पोरगी आमचीच हाय की. न्हाय कोण म्हणतंय?” ते म्हणाले. “पर आमचंबी एक काम हाय. तेवढं हक्कसोड करून दे म्हणावं.”

जमिनीवर वडिलांचा वारस म्हणून माझं नाव होतं. त्यावरचा हक्क सोडल्याचा कागद त्यांना हवा होता. बाहेर गोठ्यात कुणीतरी घमेलं आपटत होतं. मामा उठून उभा राहिला. पावण्याच्या घरात वाद नको म्हणून तो नुसताच उभा होता.

“मी सही करते,” मी म्हणाले. त्या दिवसातलं माझं ते पहिलंच वाक्य होतं.



चार दिवसांनी रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात मी हक्कसोडीवर अंगठा आणि सही दिली, चुलत्यांनी त्यांच्या प्रतिज्ञापत्रावर दिली. मग मामाचा कागद आला. त्याचा चष्मा दुकानात राहिला होता. वकीलबाई मला म्हणाल्या, तूच वाचून दाखव.

मला मराठी वाचता येतं, पण सावकाश. कोर्टातलं तर अडखळतच. मी वाचलं, “सदर मुलगी ही माझी मुलगी नसून माझ्या मयत बहिणीची मुलगी आहे.” थांबले.

“पुढं वाच,” मामा म्हणाला.

“मी सदर मुलीचा जन्मदाता अथवा दत्तक पिता नाही. शाळेच्या अर्जावर मी माझे नाव चुकीने नमूद केले.”

“चुकून न्हाय लिवलं,” मामा वकीलबाईंना म्हणाला. “जाणूनबुजून लिवलंय.”

“तसं लिहिलंत तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल, मामा,” त्या म्हणाल्या.

मामाने तो शब्द तसाच राहू दिला. मग शपथ घेतली आणि सही केली. त्याची सही माझ्या सगळ्या प्रगतिपुस्तकांवर आहे, मी ती ओळखते. त्या दिवशी ती ओळीच्या खाली उतरली होती.

बाकीचं सगळं झालं. शेवटच्या दिवशी फी भरली गेली. मामीने दोन्ही प्रतिज्ञापत्रांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवल्या.

मामा खोटं बोलणारा माणूस नाही. शपथेवर सांगितलेलं तो बाहेर वेगळं सांगत नाही. परवा मी दुकानात त्याला चहा द्यायला खाली उतरले तेव्हा एक नवीन गिऱ्हाईक बसलं होतं. लेक का, त्याने विचारलं. आधी कुणीही विचारलं की मामा ‘व्हय’ म्हणायचा, आणि मान वर न करता म्हणायचा.

या वेळी त्याने मान वर केली.

“भाची हाय,” तो म्हणाला.

मी कप काउंटरवर ठेवला आणि वर गेले.