मामोत्लात्सीची ओ

दर गुरुवारी प्रार्थना संपली की आम्ही काही बायका चर्चमागच्या खोलीत आणखी थोडा वेळ बसतो आणि आपापल्या वहीत चार ओळी लिहितो. फळ्यावर प्रश्न मी लिहिते. तो माझी नात ब्लूमफाँटेनहून फोनवर पाठवते. तिथल्या मुली एकमेकींना असे प्रश्न पाठवून रोजनिशी लिहितात म्हणे. आज सकाळी पहिला आवाज कोणता ऐकलास? कुठल्या वासाने तुला घर आठवतं? कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला सिस्टर रोज संध्याकाळी प्रश्न विचारायच्या, पण ते सगळे पापांबद्दल असत. हे बरे आहेत. यांची उत्तरं द्यायला गुडघे टेकावे लागत नाहीत.

त्या गुरुवारचा प्रश्न असा होता: तुमच्या घरातलं असं काय आहे, जे कोणी मागितलं तरी तुम्ही देणार नाही?

मापालेसाने झटकन लिहिलं आणि आपणहून वाचून दाखवलं. "माझं तीन पायांचं लोखंडी भांडं. सुनेचा डोळा आहे त्याच्यावर. मी गेल्यावर घे म्हणावं, आणि तेही घासून."

"तू गेलीस की भांडं नाही घासणार, हात झटकेल ती," मागून कोणीतरी म्हणालं.

मी खिडकीजवळची खुर्ची लिहिली होती. ह्यांची होती ती. माझी रोजनिशी मी अजून तिच्यावर बसूनच लिहिते.

मामोत्लात्सी नेहमीप्रमाणे सर्वांत शेवटी होती. तिचे हात भिंती सारवणारे. आमच्या हा-मोत्सिरी गावात आणि आसपासच्या वाड्यांवर शेणमातीने भिंती लिंपून, ओल्या मातीवर काट्याने नक्षी ओढायचं काम तीच करते. पेन्सिल मात्र ती अंगठ्याने दाबून धरते आणि अक्षर कागदात रुतवते. त्या दिवशी तिने एकच शब्द लिहिला होता. "नाव."

"नाव ही काय घरातली वस्तू आहे?" मापालेसा म्हणाली. "आणि तुझं नाव मागायला कोण येणार?"

"आलं होतं की," मामोत्लात्सी वही मिटत म्हणाली. "माझा दीर लेसेला. रविवारी येऊन मागून गेला."

मापालेसाने पेन्सिल खाली ठेवली.

आमच्याकडे मुलगी लग्न होऊन आली की तिचं माहेरचं नाव उंबऱ्याबाहेर राहतं. सासरचे तिला नवं नाव देतात, आणि ते पुढे होणाऱ्या पहिल्या मुलाच्या नावावरून असतं. मूल पोटात नसलं तरी त्याचं नाव ठरलेलं असतं आणि त्याच्या नावाआधी आईचा 'मा' लावून मुलीला हाक मारायला सुरुवात होते. मी मालिपुओ झाले आणि लिपुओ नंतर जन्मली. मामोत्लात्सीच्या सासऱ्यांचं नाव मोत्लात्सी होतं. नातवाला आजोबांचं नाव लागावं म्हणून थोरल्या सुनेला त्यांनी हे नाव दिलं. नवरा रापेलांग खाणीत कामाला होता, सुट्टीत घरी यायचा. वर्षं गेली. मोत्लात्सी काही जन्मला नाही. मग रापेलांगही गेला, आणि मोत्लात्सीची आई मोत्लात्सीशिवाय राहिली.

नव्या माणसाची यात हमखास फसगत होते. मागच्या वर्षी आलेल्या फादरनी पहिल्याच भेटीत तिला विचारलं, "मोत्लात्सी कसा आहे, म्मे? खाणीत असतो का?" म्मे म्हणजे आई, गावातल्या प्रत्येक मोठ्या बाईला आम्ही असंच म्हणतो. आम्ही सगळ्या जमिनीकडे बघायला लागलो. ती मात्र शांतपणे म्हणाली, "नाही फादर. अजून पोचला नाही."

फादरनी मान डोलावली. रस्ते फार खराब आहेत, असंही म्हणाले.

तर आता तिचा धाकटा दीर लेसेला याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. नवरीला घरात घ्यायचा दिवस पुढच्या शनिवारी होता. त्या दिवशी मेंढरू कापतात, नवरीच्या खांद्यावर घोंगडी पांघरतात आणि तिला नाव देतात. लेसेलाला हवं होतं की नव्या सुनेला मामोत्लात्सी म्हणावं, म्हणजे तिच्या पहिल्या मुलाला पणजोबांचं नाव मिळेल.

"तू काय म्हणालीस त्याला?" मी विचारलं.

"विचार करते म्हणाले. तेव्हा तो चहा पीत होता, तोंडावर नाही म्हणणं बरं दिसलं नाही. आज हा प्रश्न बघितला आणि विचार झाला. उद्या जाऊन सांगणार आहे. तू चल, मालिपुओ. मी बोलायला लागले की तो 'वहिनी, वहिनी' करून मला बोलूच देत नाही. कोणी बाहेरचं असलं की जरा ऐकतो."

मी गेले. लेसेला अंगणात मेंढरांसाठी कुंपण बांधत होता. तो वाईट माणूस नाही. वडिलांच्या कबरीवरचं गवत तोच काढतो, आणि भाऊ गेल्यावर वहिनीच्या छपराचे पत्रेही त्यानेच ठोकून दिले होते.

"वहिनी, मी कुठे तुमचं काही काढून घेतोय?" तो म्हणाला. "नाव रिकामं पडलंय. बाबांचं नाव आमच्याबरोबर बुडून जाईल, एवढंच म्हणतोय मी."

"रिकामं?" मामोत्लात्सी म्हणाली. "मग इतकी वर्षं त्यात राहतंय कोण?"

"तसं नाही हो."

"कसं आहे मग? तुझ्या घराची ही भिंत कोणाची?"

त्याने भिंतीकडे पाहिलं. "तुम्हीच लिंपलीत."

"लोक काय म्हणतात हिला? मोत्लात्सीची भिंत म्हणतात का? मामोत्लात्सीची भिंत म्हणतात. तुझ्या बाबांनी मला नाव दिलं तेव्हा मेंढरू कापलं होतं. ते मेंढरू काय उसनं होतं, परत मागायला?"

लेसेलाची बायको माफोलो दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "पण म्मे, तुम्हाला माहेरचं नाव आहे ना. लोक त्याने हाक मारतील."

मी माफोलोकडे वळून पाहिलं, कारण मामोत्लात्सीचं माहेरचं नाव मोसेलान्त्जा आहे. मोसेलान्त्जा म्हणजे कुत्र्याची शेपटी. तिच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून मरणाचं हिच्याकडे लक्ष जाऊ नये यासाठी आईने ते ठेवलं होतं. आमच्याकडे अशी नावं असतात आणि त्यांना कोणी हसत नाही. पण म्हाताऱ्या सुनेला सासरच्या अंगणात त्या नावाने हाक मारणं म्हणजे तिचं लग्नच झालं नाही असं म्हणण्यासारखं होतं.

"ते नाव मला जगवायला होतं," मामोत्लात्सी म्हणाली. "मी जगले. त्याचं काम झालं. हे नाव माझं राहायचं ठिकाण आहे. लेसेला, तुला नातवाचं नाव मोत्लात्सी ठेवायचं तर ठेव. दुसऱ्या मुलाचं ठेव, तिसऱ्याचं ठेव. पण मामोत्लात्सी मी आहे. मी मेल्यावर हवं त्याला द्या. जिवंतपणी नाही."

"वडिलांची इच्छा होती, वहिनी."

"त्यांची इच्छा होती म्हणून तर माझ्याकडे आहे ते."

लेसेला पुन्हा तार ओढायला लागला. "शनिवारी आक्का ठरवतील," तो म्हणाला. "त्या मोठ्या आहेत." आक्का म्हणजे मामोसा, लेसेलाची थोरली बहीण. नाव देण्याचा मान तिचा. ती भावाच्या शब्दाबाहेर सहसा जात नाही, हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. माफोलो आत जाता जाता म्हणाली की तुम्हाला त्रास होणार असेल, तर शनिवारी नाही आलात तरी चालेल.

"मी थोरली सून आहे," मामोत्लात्सी म्हणाली. "न यायला काय झालं?"

परत येताना मी तिला म्हटलं, सगळ्यांसमोर नाव दिलं गेलं तर तुला तिथे बसून बघावं लागेल. भांडशील का?

"लग्नाच्या घरी कोण भांडतं? मी काही वेडी आहे?"

शनिवारी ती आमच्या सगळ्यांच्या आधी जाऊन बसली होती, बायकांच्या ओळीत भिंतीला टेकून, थोरल्या सुनेच्या जागी. खांद्यावर चांगली घोंगडी होती आणि ती पुढून नीट टाचली होती. मी तिच्या शेजारी बसले. मेंढरू शिजत होतं. घरच्या बिअरचं भांडं पुरुषांत फिरत होतं. नवरी रेफिलोए चटईवर खाली मान घालून बसली होती. अगदी कोवळी पोर.

मामोसा उभी राहिली. तिने नवरीच्या खांद्यावर घोंगडी सारखी केली, नवऱ्याशी कसं वागायचं, सासूशी कसं बोलायचं ते सांगितलं, विहिरीवर चहाड्या करू नकोस म्हणाली. सगळं झाल्यावर तिने लेसेलाकडे बघितलं. लेसेलाने मान हलवली.

"आजपासून तू या घरची," मामोसा म्हणाली. "आजपासून तुझं नाव मामोत्लात्सी."

बायकांच्या ओळीत कुजबूज झाली. नाव नुसतं सांगून होत नाही. त्या नावाने नवरीला हाक मारतात, ती सर्वांच्या देखत ओ देते, आणि मग ते तिचं होतं. नवऱ्या लाजतात, म्हणून बहुतेक वेळा दोनतीनदा हाक मारावी लागते.

मामोसाने घसा साफ केला. "मामोत्लात्सी."

"ओ," माझ्या शेजारून उत्तर आलं.

ओरडून नाही. घरातल्या घरात कोणी हाक मारली तर द्यावी तशी ओ. पुरुषांकडून कोणीतरी हसलं. मामोसाने वळून पाहिलं.

"तुला नाही, वहिनी. हिला."

"हाक मारलीत, ओ दिली," मामोत्लात्सी म्हणाली. "माझ्या तोंडाला सवय आहे."

मामोसाने पुन्हा नवरीकडे तोंड केलं आणि या वेळी जरा घाईने म्हणाली, "मामोत्लात्सी."

"ओ, आक्का. इथेच आहे."

नवरीने तोंड उघडलं होतं, ते मिटलं. तिने घोंगडीच्या आडून हळूच आमच्या ओळीकडे पाहिलं. आता बायका उघड हसत होत्या. मापालेसा डोळे पुसत म्हणाली, "पोरी, तू लवकर बोल नाहीतर ही म्हातारी दिवसभर बोलेल."

नवरीने घोंगडी आणखी पुढे ओढून घेतली.

"वहिनी," लेसेला उठून उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. "लोकांसमोर काय हे?"

"लोकांसमोर मी काय केलं? माझ्या नावाने बोलावलं, मी ओ दिली. न दिली असती तर म्हणाला असतास, बहिरी झाली." मग तिचा आवाज बदलला. ती पुढे झुकली नाही, उठली नाही, नुसती हात मांडीवर ठेवून बोलत राहिली. "लेसेला, पाहिजे तितक्या वेळा हाक मारा. मला आज दुसरं काही काम नाही. प्रत्येक वेळी ओ देईन. ही पोर आली त्याचा मला आनंद आहे, तिला दुसरं कुठलंही नाव द्या, त्या नावाने पहिली हाक मी मारते. पण या नावाला ओ देणारी एक आहे, आणि ती मी आहे."

मामोसा भावाकडे बघत राहिली. तिने तिसऱ्यांदा तोंड उघडलं, मामोत्लात्सी सरळ बसली, आणि मामोसाने तोंड मिटलं. पुरुषांतला एक म्हातारा म्हणाला की रस्सा आटतोय.

"आक्का, दुसरं नाव सांगा," शेवटी माफोलोच म्हणाली. सासू तीच होणार होती; मटण जळलं तर दोष तिला येणार होता. "माझ्या वडिलांचं नाव काबेलो. तेही काही वाईट नाही."

लेसेला खाली बसला. "काबेलो," तो स्वतःशीच म्हणाला. मग मान हलवली, पहिल्यापेक्षा पुष्कळ हळू.

मामोसाने नाव सांगितलं आणि हाक मारण्याआधी ओळीकडे वळून पाहिलं. मामोत्लात्सीने दिलेला शब्द पाळला. "माकाबेलो," तिने मोठ्याने हाक मारली.

"ओ, म्मे," नवरीने पहिल्याच हाकेला उत्तर दिलं. बायकांनी आनंदाने किलकिलाट केला.

मग मटण वाटायला घेतलं. घरातल्या माणसांचे वाटे यजमान स्वतः नाव घेऊन देतो. लेसेलाने बहिणीला दिला, पुरुषांना दिले, बायकोला दिला. थोरल्या सुनेचा वाटा हातात घेऊन तो आमच्या ओळीसमोर आला आणि थांबला. तो आयुष्यभर तिला वहिनी म्हणत आला होता, आणि वहिनी म्हटलं असतं तरी चाललं असतं. ती वाट बघत होती. घाई दाखवत नव्हती, हातही पुढे करत नव्हती.

"मामोत्लात्सी," लेसेला म्हणाला.

"ओ," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी थाळी घेतली.