सेकंदाचे पंचवीस

जागेश्वर पराते हार्मोनियम शिकवायचा. घरात बापाचा माग होता, धोट्याच्या खटक्यावरच तो बोलायला शिकला. त्यामुळे ताल त्याच्या अंगात होता आणि घड्याळ मनगटावर नसलं तरी चालायचं. बायको गोपिका गायची. गणपतीत तिला ऐकून गेलेल्या मुंबईच्या एका पाहुण्याने चौऱ्याऐंशी साली केसतेलाच्या जाहिरातीचं काम धाडलं. पार्सलमध्ये एक मुकी व्हिडिओ कॅसेट होती आणि टाइप केलेलं पत्र.

काम नेमकं कोणत्या आठवड्यात आलं, तेही सांगायला हवं. पुढल्या सोमवारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गोपिकेचं ऑपरेशन होतं. गळ्यातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही जाणार, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. आवाज आधीच जाड झाला होता. सकाळी चहानंतर तासभर तेवढा मोकळा व्हायचा.

"मुंबईच्या टेपेवर राहीन तुहा आवाज," जागेश्वर म्हणाला. "टीव्हीवर रोज वाजन."

जरीपटका भागातल्या कॅसेटवाल्याकडे दोघांनी ती चालवून पाहिली. आई मुलीची वेणी घालते, एवढंच चित्र. खाली पांढरे आकडे पळत होते, तास, मिनिट, सेकंद, आणि शेवटी आणखी दोन आकडे, डोळ्यांना धरवत नव्हते इतके वेगात. पत्रात सेकंद आणि ते शेवटचे आकडे धरून तीन जागा दिल्या होत्या. केस सुटतात तिथे सहा-बावीस, भांग पडतो तिथे बारा-दोन, रिबिनीचं फूल होतं तिथे अठरा-वीस. त्या-त्या क्षणी शब्द पडायला हवा.

"अवो, हा शेवटचा आकडा काहाचा?" गोपिकेने विचारलं.

"सेकंदाचे तुकडे असतीन."

"किती तुकडे?"

"साठ. तासाचे साठ, मिनिटाचे साठ, मंग सेकंदाचेच काहून कमी राहतीन?"

"पत्र टाकून विचारा ना त्यायले."

"विचारू? मास्तराले घड्याळ वाचता येत नाही म्हणतीन!"

विचारलं असतं तर काय झडलं असतं? पण पुरुषाची अक्कल अशा वेळी मिशीत अडकते. आणि खरं सांगायचं तर पत्रोत्तराला आठ दिवस लागले असते. त्याच्यापाशी पाच होते.

त्याने वहीत साठाने भागाकार केले, शाळेचं स्टॉपवॉच मागून आणलं आणि चाल बांधली. शनिवारी सकाळी स्पूलच्या टेपरेकॉर्डरपुढे गोपिका गायली. सातव्या वेळेला तिन्ही शब्द स्टॉपवॉचवर काटेकोर पडले. ती खाली बसली, गळ्यावर हात ठेवून म्हणाली, "झालं जी. आता काढू द्या डॉक्टरायले."

तोच स्पूल त्याने पार्सलने पाठवला. दुसरं मशीन नव्हतं, म्हणून प्रत नव्हती.

ऑपरेशननंतर पंधरा दिवसांनी पत्र आलं. सेकंदाला पंचवीस फ्रेम असतात, आपण काय धरलं कळत नाही. मधला शब्द बरोबर, पण पहिला आणि शेवटचा अर्धा सेकंद आधीच येतात, ते दोन सरळ केले की मधला वाकडा होतो. चाल छान आहे. ती ठेवून इथल्या एका मुलीकडून गाऊन घेतली.

जागेश्वर तडक तारघरात गेला. मुंबईचा ट्रंककॉल लागायला दोन तास गेले.

"गाना रहने दो. मेरी टेप वापस भेजो," तो ओरडला.

"वो तो साफ करके दूसरे काम में ले ली, मास्टरजी. क्यों, कुछ था क्या उसमें?"

घरी त्याने काही सांगितलं नाही. गोपिका पाटीवर लिहून विचारायची, कधी लागणार? तो म्हणायचा, लागन.

जाहिरात लागली ती शेजारच्या सिंधूताईंच्या टीव्हीवर, बातम्यांच्या आधी. खोलीभर बायका. केस सुटले, भांग पडला, रिबिनीचं फूल झालं, शब्द नेमका त्या गाठीवर पडला.

"अगं माय, गोपिकाच वं हे!" सिंधूताई टाळ्या पिटत ओरडल्या. "काय गळा हाय वं तुहा! सांगा ना मास्तर, तिचाच आवाज ना?"

सगळ्यांचे डोळे जागेश्वरवर. त्याने गोपिकेकडे पाहिलं नाही.

"हो," तो म्हणाला. "तिचाच."

गोपिकेने पदर गळ्याभोवती नीट केला आणि बायकांकडे पाहून मान डोलावली.

घरी आल्यावर तिने पाटी घेतली. बराच वेळ लिहीत होती. मग पाटी त्याच्यापुढे ठेवून भाकरी टाकायला गेली.

"पोरगी गोड गाते. भांगाच्या आधी दम घेते, तिथे घ्यायचा नाही."

त्याखाली, बारीक अक्षरात: "किती तुकडे होते?"

जागेश्वरने खडू उचलला. पंचवीस लिहिलं. चूल पेटली होती, तवा तापत होता, आणि ती पाठमोरी होती. पाटी नेऊन दाखवायची की पुसून टाकायची, हे त्याला भाकऱ्या होईस्तोवर ठरवता आलं नाही.