बाबांचा सरळ फोटो

“चेहरेवाला नहीं है क्या?” पोलीस ठाण्यात हेड साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

मी मोबाइलवर बोट सरकवत होतो. मटार सोलणारे हात. खाटेखालच्या चपला. खिडकीपाशी बसलेली पाठ. चष्म्याची काडी आणि तिला गुंडाळलेला दोरा. पुन्हा हात. सगळे फोटो माझ्या बाबांचे. आणि त्यातला एकही पाहून परक्या माणसाला बाबा ओळखू आले नसते.

“भैया, आप तो फोटोग्राफर हैं ना?” हेड साहेब म्हणाले. हेड कॉन्स्टेबल, तिवारी त्यांचं आडनाव. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच समजून नव्हतं राहिलं.

“हूँ जी,” मी म्हणालो. तो मोबाइल तिथेच फरशीवर आपटावासा वाटला मला.

मंगळवार होता, जानेवारीतला. बाबा एक्याऐंशीचे. फॅक्टरीत टर्नर होते, म्हणजे लेथ मशीनवर लोखंडाचे पार्ट कातायचे. रिटायर होऊन वीस वर्षं झाली, पण दोन वर्षांपासून डोक्यातला हिशेब चुकायला लागला होता. जेवण झालं की विचारायचे, जेवण कधी? त्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांनी स्वेटर घातला, ओट्यावरचा रिकामा टिफिन उचलला, फाटकाची कडी काढली आणि ड्यूटीवर निघाले.

माझी बायको सुषमा आंघोळीला गेली होती. मी कुठे होतो? गच्चीवर. दोरीवरच्या कपड्यांच्या चिमट्यांवर दव पडलं होतं, त्याचा फोटो काढून राहिलो होतो. कडीचा आवाज मी ऐकला. बाप्पा, चांगला ऐकला! दूधवाला असेल म्हटलं, आणि पुन्हा चिमट्यात डोळा घातला.

आता माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगतो, नाहीतर हा माणूस असा कसा, असं तुम्हाला वाटेल. नेपियर टाउनमध्ये माझा स्टुडिओ आहे. साड्या, दागिने, कुकर, असल्या वस्तूंचे फोटो काढून पोट भरतो. पण जीव लागला तो दुसऱ्याच कामात. रविवारी मी क्लास घेतो, रोजच्या गोष्टींच्या फोटोंचा. विषय शोधायला लांब जायची गरज नाही, स्वयंपाकघरात जा, जिन्यात बसा, प्रवासाला गेलात तर देवळाऐवजी देवळाबाहेरच्या चपला पाहा, असं सगळं सांगतो. पोरं-पोरी, रिटायर झालेले बँकवाले, सगळे माना डोलावतात. मीही रोज एक असा फोटो काढायचो, कित्येक वर्षं, एक दिवस न चुकवता.

आणि माझा एक नियम होता. चेहरा टाळायचा. चेहरा दिसला की पाहणारा तिथेच थांबतो, बाकी काही बघत नाही. हात दाखवा, पाठ दाखवा, बाकीचं त्याला शोधू द्या. याच्यासाठी दोन युक्त्या. एक बॅकलाइट, म्हणजे उजेड माणसाच्या पाठीमागून घ्यायचा, तोंड काळं पडतं आणि नुसती आकृती उरते. दुसरी शॅलो फोकस, म्हणजे एवढीशीच गोष्ट स्पष्ट ठेवायची आणि मागचं सगळं धुरकट करायचं. मटाराचा एक दाणा टकटकीत, मागे धूर. त्या धुरात माझे बाबा बसलेले असायचे.

“कोई शादी-ब्याह का होगा?” तिवारीजींनी विचारलं.

होता. सहा वर्षांपूर्वीचा, भाचीच्या लग्नातला. फेटा कपाळापर्यंत, हार नाकापर्यंत. मध्ये दोन डोळे.

मी घरी सुषमाला फोन लावला. तुझ्या मोबाइलमध्ये बघ, म्हटलं.

“माझ्याजवळ कुठून येईल?” ती म्हणाली. “तुम्हीच तर म्हणत होते, मोबाइलवर काही काढत नको जाऊ, घरात प्रोफेशनल बसला आहे.” आणि रडायला लागली.

शेवटी आधार कार्ड दिलं. त्यातले बाबा म्हणजे भरलेले गाल, मेंदी लावलेले केस आणि ही एवढी मिशी. गाल केव्हाच बसले होते. केस पांढरे होऊन विरळ झाले होते. मिशी तर दोन दिवाळ्यांपूर्वी मीच काढली होती, तिच्यात वरण अडकायचं म्हणून. त्या दिवशीचाही फोटो आहे माझ्याकडे. वाटीतला फेस, पाण्यावर तरंगणारे पांढरे केस, कडेला वस्तरा. फार सुंदर उजेड होता. बिनमिशीचं तोंड मात्र काढलं नाही.

“अभी भी ऐसे ही दिखते हैं?”

“लगभग,” मी म्हणालो. मग लाज वाटून म्हणालो, “मूँछ नहीं है अब। दुबले हो गए हैं।”

त्यांनी फोटोखाली तसं लिहिलं आणि सगळीकडे पाठवलं. चौक्यांना, ऑटोवाल्यांच्या ग्रुपवर, शहराबाहेरच्या पनागरच्या भाजीवाल्यांपर्यंत. पण मोबाइलवर फॉरवर्ड करताना काय होतं, तुम्हाला माहीत आहे. फोटो पुढे जातो, खालचा मजकूर मागे राहतो. दुपारपर्यंत मलाच तो फोटो चार ठिकाणांहून परत आला आणि चारही ठिकाणी नुसती मिशी.

मी फॅक्टरीच्या गेटवर जाऊन आलो. गार्डने मान हलवली. मदन महल स्टेशनचा एकूण एक बाक बघितला. संध्याकाळी थंडी अशी पडली की हात गारठले. बाबांच्या अंगावर एकच स्वेटर. सुषमा फाटकाशी उभी होती, आत यायला तयारच नव्हती.

बुधवारी पहाटे मला भेडाघाट आठवलं.

मागच्या वर्षी याच दिवसांत, मिशी काढल्यानंतर, आम्ही तिघं गेलो होतो. नावेत बसायच्या आधी बाबांनी कोटाची सगळी बटणं लावली, कानटोपी नीट केली, हात मांड्यांना चिकटवले आणि परेडला उभे राहतात तसे उभे राहिले.

“विन्या, एक सरळ काढ रे माझा.”

“सरळ फोटो आधारवाले काढतात, बाबा. तुम्ही नदीकडे पाहा.”

“नदीकडे काहून पाहू? फोटो माझा ना?”

मी वैतागून एक काढला. म्हातारं माणूस, मन राखावं म्हणून. रात्री घरी दिवसभराचे फोटो निवडताना तो डिलीट केला. पोझ दिलेला, ताठ, काही कामाचा नाही. त्यांचा पाठमोरा ठेवला, नदीकडे पाहणारा.

डिलीट केलेला फोटो कॅमेऱ्याच्या कार्डावरून लगेच जात नाही. म्हणजे, त्याचं नाव यादीतून खोडलं जातं, पण तो जागेवर असतो, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. ते परत काढायचं सॉफ्टवेअर मिळतं. वर्षभर मी ते कार्ड वापरलं होतं, तरी लावलं. चार तास चाललं. कपड्यांचे चिमटे, कुकर, कोणाच्या तरी साड्या, सगळा कचरा वर येऊन राहिला होता. आणि मग तो फोटो आला.

फाइल वरून खाली उघडत जाते. आधी आकाश आलं. मग संगमरवराचे कडे. मग कानटोपीचा गोंडा, टोपी, कपाळ, भुवया. आणि तिथून खाली राखाडी पट्टी. त्या जागेवर माझं दुसरं काहीतरी लिहिलं गेलं होतं.

“आले का? आले का बाबा?” सुषमा मागे उभी राहून विचारत होती.

मग मी तो उद्योग केला जो मी दागिन्यांसाठी रोज करतो. रिटच. आधारच्या फोटोतली मिशी काढली, केस पांढरे केले, गाल आत घेतले. पुष्कळ वेळ गेला. गुरुवारी सकाळी तिवारीजींना नेऊन दाखवला. ते फोटोकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

“ये बाबूजी हैं?”

मला शपथेवर हो म्हणता आलं नसतं. तोंड नुसतं घासून काढल्यासारखं दिसत होतं. पाठवला तरीही. लोकांना वाटलं, हरवलेले दोन आहेत.

शुक्रवारी अकरा वाजता फोन आला. तिवारीजी नेहमी मोठ्याने बोलायचे, त्या दिवशी हळू बोलले.

“एक बुजुर्ग मिले हैं, पनागर के आगे। खेत के नाले में। आप आ जाइए। अकेले मत आइए।”

मी एकटाच गेलो, सरकारी दवाखान्याच्या शवागारात. सुषमाला कोणत्या तोंडाने नेऊ?

पाण्यात पालथं पडलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी लिहिणार नाही. मी पाहिला आणि मला कळलं नाही. खरं सांगतो, माझ्या बापाला मी ओळखलं नाही. तीस वर्षं डोळ्यांवर पोट भरणारा माणूस मी. तिथे भिंतीला धरून उभा होतो आणि देवाला म्हणत होतो, नाहीत हे, नाहीत हे.

“कोई निशानी?” तिवारीजींनी विचारलं. “फॉर्म में लिखना पड़ता है।”

मग त्यांनी चादर बाजूने सरकवली आणि हात दिसला. डावा. अंगठ्याचं नख मधोमध फाटलेलं, लेथवर लागलं होतं, मी शाळेत असताना. त्याच्या शेजारच्या बोटाचं पेर वाकडं. मनगटावर भाजल्याचा डाग.

मी मोबाइल काढला. सोमवारी संध्याकाळचा फोटो होता, जाण्याच्या आदल्या दिवशीचा. बाबा मटार सोलत होते. अंगठा शेंगेत घुसलेला, नख, पेर, डाग, सगळं टकटकीत. मागे धूर.

तिवारीजींनी मोबाइल हातात घेतला. एकदा फोटो पाहिला, एकदा हात. मिनिटभरही लागलं नाही.

“हाँ,” ते म्हणाले. “ये फोटो साफ है।”

तेराव्याला फोटो लागतो. पाटावर ठेवायला, हार घालायला. मी नुसता बसून होतो. माझ्याकडे हजारोंनी फोटो, त्यातला हातांचा तर एका प्रदर्शनात भिंतभर लागला होता. तोच फ्रेम करावा, असं माझ्या तोंडून निघालं. डोकं ठिकाणावर नव्हतं माझं.

“हाताला हार घालू?” सुषमा म्हणाली. “गंध कुठे लावू, सांगा.”

आधारचाच मोठा करून आणला. एवढासा फोटो ताणला की फुटतो, दाणे दिसतात. आमच्या भिंतीवर आज दाण्यादाण्यांचे बाबा आहेत, मिशीसकट.

त्यानंतर मी पनागरला गेलो, ती जागा बघायला. ते तिथवर कसे पोचले, आजवर कळलं नाही. एखाद्या ऑटोवाल्याने दया येऊन बसवून घेतलं असेल. रस्त्याच्या कडेला चहाची टपरी होती. मटाराच्या गोण्या उतरवणारे लोक चहा पीत होते. टपरीवाल्याला मी विचारलं, तर त्याच्या हातातली किटली थांबली.

“वो टिफिन वाले दादा? आपके थे?”

मी मान डोलावली.

“बुधवार को यहीं बैठे थे, सुबह-सुबह। चाय पिलाई मैंने। टिफिन खाली था तो पोहा डाल दिया। पूछा, दादा, कहाँ जाना है? बोले, ड्यूटी।” मला वाटलं, झालं सांगून. “फोटो आया था भैया, ग्रुप में। मैंने मोबाइल निकाल के उनके मुँह के पास रख के मिलाया भी। वो तो मूँछ वाले थे। हमने सोचा, कोई और होंगे।”

त्याने ताडून पाहिला होता. माणूस समोर, फोटो हातात, आणि पाहणारा भला. एवढं सगळं जुळून आलं होतं. कमी होता तो एक सरळ फोटो, जो माझ्या बापाने माझ्याकडे मागितला होता आणि मी काढून फेकून दिला होता. टपरीवाला रडायला लागला. मीच त्याला म्हणालो, तुमची काही चूक नाही जी. ते खरं होतं.

सहा महिने कॅमेरा कपाटात होता. मग साड्यावाले बोलवायला लागले, पोट आहे, काढला बाहेर. रविवारचा क्लासही सुरू केला. विषय घरातच शोधा, हे अजूनही सांगतो. फक्त पहिला गृहपाठ बदलला आहे. घरी जायचं, घरातल्या प्रत्येकाला भिंतीसमोर उभं करायचं, खिडकी समोर, पाठीमागे नाही. टोपी काढायची. कॅमेऱ्याकडे बघायला सांगायचं. एक फोटो. मिशी काढली, चष्मा बदलला, आजारपणाने माणूस वाळला, की पुन्हा. नाव आणि तारीख घालून ठेवायचा, डिलीट करायचा नाही.

मागच्या रविवारी एका नव्या विद्यार्थ्याने तोंड वाकडं केलं.

“सर, ये तो आधार वाला फोटो है। इसमें आर्ट क्या है?”

“कुछ नहीं,” मी म्हणालो. “दोनों कान दिखने चाहिए।”